कुठे बघणार, ते आधी सांगा

तीन तासांच्या संगीत नाटकाचं संकलन संपलं की संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन येतो. संस्था बदलते, वाक्य बदलत नाही : "मॅडम, एमपी-४ मध्ये द्या, क्वालिटी कमी करू नका, आणि फाइल जरा लहान ठेवा." या तीन मागण्यांपैकी पहिलीतून मला जवळजवळ काहीच कळत नाही. उरलेल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध तोंड करून उभ्या असतात. आणि जे सांगायला हवं, म्हणजे हे नाटक कोण, कुठे, कशावर बघणार आहे, ते या वाक्यात नसतंच.

मी मिरजेत व्हिडिओ संकलनाचं काम करते. सांगली-मिरजेकडे नाटक आणि गाणं दोन्ही मुबलक, त्यामुळे माझ्याकडे येतं ते बहुतेक लांबलचक काम : सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातला तीन अंकी प्रयोग, मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर चालणारी संगीतसभा, सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, आणि अर्थात लग्नं. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला एक्सपोर्टची सेटिंग चुकली तर दोन मिनिटांत दुसरी फाइल निघते. लांब व्हिडिओत तसं होत नाही. तिथं प्रत्येक निर्णयाला वेळेनं गुणलं जातं : फाइलचा आकार, संगणकाचा वेळ, अपलोडचे तास आणि आवाज पुढे-मागे सरकण्याचा धोका, सगळंच. म्हणून फॉरमॅटचा विचार या गुणाकारापासून सुरू करावा.

बिटरेटचा हिशेब

एचडी चित्राची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. एका फ्रेमचे ६२ लाखांहून अधिक बाइट झाले. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सेकंदाला साधारण १५५ मेगाबाइट. तीन तासांचे सेकंद १०,८००. म्हणजे काहीही न गाळता ठेवायचं म्हटलं तर एका नाटकाचं नुसतं चित्र १,६८० जीबीच्या आसपास जातं. आवाज यात धरलेलाच नाही.

आता दुसरी बाजू. यूट्यूब २५ फ्रेमच्या एचडी व्हिडिओसाठी सेकंदाला ८ मेगाबिट एवढा बिटरेट सुचवतं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. तासाला ३.६ जीबी, तीन तासांना १०.८ जीबी. मूळ माहितीच्या दीडशे भागांतला जेमतेम एक भाग उरला, आणि तरीही दिवाणखान्यातल्या टीव्हीवर बघणाऱ्याला काही गमावल्यासारखं वाटत नाही.

हा हिशेब कुणालाही कागदावर करता येतो. बिटरेटला आठनं भागा, सेकंदांनी गुणा, मेगाबाइट मिळाले. फाइल किती मोठी होणार हे बिटरेट आणि लांबी या दोघांवरच ठरतं. फाइलच्या नावामागे एमपी-४ आहे की एमओव्ही, याचा आकाराशी काही संबंध नाही.

काय टाकलं जातं

दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास भाग टाकून देण्याचं काम कोडेक करतो. सगळ्यात जास्त चालणारा कोडेक एच.२६४. तो २००३ साली आला आणि आजही जवळपास प्रत्येक फोन, टीव्ही आणि संगणक त्याला ओळखतो. तो काय टाकतो हे थोडं कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

पहिल्यांदा कात्री लागते रंगाला. माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक बारीक टिपतो, रंगातला तेवढा बारीक टिपत नाही. म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची चार ठिपक्यांत मिळून एक. रोजच्या चित्रात हे कळत नाही. रंगमंचावर मात्र लाल प्रकाशझोतात लाल शालू नेसलेली नायिका उभी राहिली की पदराची कड किंचित विरघळल्यासारखी दिसते. ती इथली करामत.

दुसरी, आणि मोठी, बचत होते फ्रेम-फ्रेममधल्या सारखेपणावर. संगीत नाटकात मागचा राजवाड्याचा पडदा अर्धा तास जागचा हलत नाही. मग कोडेक तो पडदा एकदा पूर्ण लिहितो आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदवतो : हात इकडे गेला, मान तिकडे वळली. पूर्ण लिहिलेल्या फ्रेमला की-फ्रेम म्हणतात. एच.२६४ च्या एका प्रसिद्ध एन्कोडरमध्ये, म्हणजे तशी फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन की-फ्रेममधलं अंतर मुळात २५० फ्रेमपर्यंत जाऊ शकतं. आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या हिशेबात हे १० सेकंद झाले. तीन तासांच्या नाटकात एखादं पद शोधत पुढे-मागे जाताना जुना टीव्ही अडखळतो तो यामुळे. मी हे अंतर ५० फ्रेमवर, म्हणजे दोन सेकंदांवर आणते. फाइल किंचित वाढते, शोधणं सुसह्य होतं.

यातून एक गोष्ट लक्षात येईल : सगळ्या लांब व्हिडिओंना सारखा बिटरेट लागत नाही. एका जागी बसून गाणाऱ्या गायकाची, स्थिर कॅमेऱ्यानं टिपलेली बैठक ५ मेगाबिटांतही छान दिसते. त्याच ५ मेगाबिटांत लेझीमची मिरवणूक घाला, की हवेत उडणाऱ्या गुलालाचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. गुलाल, फुलांची उधळण, धूर, झगमगते दिवे, पाऊस या सगळ्यांत आधीच्या फ्रेमशी जुळणारं काही नसतं, प्रत्येक फ्रेम नव्यानं लिहावी लागते. नाटकात आणखी एक अवघड जागा असते ती अंधाराची. प्रकाश हळूहळू मंद होत जातो तेव्हा काळ्या-निळ्या छटांच्या पायऱ्या दिसतात. ८ बिटच्या व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १० बिटमध्ये १,०२४. कॅमेरा १० बिटचा असेल तर मास्टर, म्हणजे पूर्ण दर्जाची मूळ प्रत, १० बिटमध्येच ठेवावा, त्याचं कारण हे.

म्हणून जिथं फाइलच्या आकाराची सक्ती नाही, तिथं मी ठरावीक बिटरेट देतच नाही, ठरावीक दर्जा देते. हँडब्रेक या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक सरकपट्टी आहे. एच.२६४ साठी तिचे आकडे ० ते ५१. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. नाटकासाठी मी १८ च्या आसपास थांबते. मग एन्कोडर स्वतःच स्थिर प्रवेशात काटकसर करतो आणि फुलं उधळली की हात सैल सोडतो. फाइल नेमकी किती जीबीची होईल हे मात्र आधी सांगता येत नाही. आकार ठरलेला असेल, उदाहरणार्थ अमुक पेनड्राइव्हमध्ये बसलंच पाहिजे, तर टू-पास वापरावं. त्यात संगणक आधी पूर्ण व्हिडिओ चाळून अवघड जागा हेरतो आणि दुसऱ्या फेरीत ठरलेले बिट त्याप्रमाणे वाटतो. वेळ जास्त लागतो, पण तीन तासांच्या कामात हा वेळ सत्कारणी लागतो.

एमपी-४ म्हणजे दर्जा नव्हे

एमपी-४, एमओव्ही, एमकेव्ही ही फाइलच्या बांधणीची नावं आहेत. चित्र, आवाज, उपशीर्षकं आणि त्या सगळ्यांची अनुक्रमणिका एका फाइलमध्ये कशी रचायची एवढंच ती ठरवतात. आतलं चित्र उत्तम एच.२६४ असू शकतं किंवा टाकाऊ एच.२६४ असू शकतं; नाव तेच. म्हणून "एमपी-४ मध्ये द्या" या वाक्यातून दर्जाबद्दल काही कळत नाही, फक्त ती फाइल बहुतेक ठिकाणी उघडेल एवढं कळतं.

लांब चित्रीकरणात या बांधणीचा एक उपद्रव आहे. साध्या एमपी-४ ची अनुक्रमणिका सगळं लिहून झाल्यावर शेवटी लिहिली जाते. संगणकावर अडीच तास थेट रेकॉर्डिंग चाललंय आणि सभागृहातली वीज गेली, तर अनुक्रमणिका लिहायची राहते आणि अडीच तासांची फाइल उघडतच नाही. एमकेव्हीत वीज जाईपर्यंतचा भाग सहसा शाबूत राहतो. म्हणून ओबीएससारख्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करताना एमकेव्ही निवडावं आणि कार्यक्रम संपल्यावर त्याचं एमपी-४ करून घ्यावं. याला रीमक्स म्हणतात. त्यात फक्त बांधणी बदलते, चित्राला आणि आवाजाला हात लागत नाही, म्हणून दर्जा तसूभरही उतरत नाही आणि काम काही मिनिटांत होतं. ज्या भागात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तिथं ही सवय लावूनच घ्यावी.

मास्टर एक, बाकीच्या प्रती त्यातून

आता खरा मुद्दा. प्रत्येक एक्सपोर्टमध्ये काहीतरी कायमचं टाकलं जातं. नाटकाची ८ मेगाबिटांची फाइल कुणीतरी फोनवर आणखी लहान केली, ती दुसऱ्यानं डाउनलोड करून त्यात संस्थेचा लोगो टाकला, तिसऱ्यानं ती "एचडी करून द्या" म्हणून माझ्याकडे आणली, तर मी २०० मेगाबिटांवर एक्सपोर्ट केलं तरी फाइल तेवढी फुगेल आणि चित्र तिथंच राहील. चरकातून निघालेलं चिपाड आणखी मोठ्या घाण्यात घातलं म्हणून रस वाढत नाही. लहान फाइल कधीही करता येते, पण ती नेहमी मास्टरपासून करायची. एका प्रतीपासून दुसरी प्रत काढायची नाही.

मास्टर कशात ठेवायचा? संकलनाच्या धंद्यात ॲपलचा प्रोरेस रुळलेला आहे. तो २००७ साली आला. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र लिहिली जाते, त्यामुळे पुन्हा संकलन करायला सोपं जातं आणि त्यातून पुन्हा प्रत काढली तरी नजरेला फरक जाणवत नाही. किंमत जागेची. २५ फ्रेमच्या एचडीला प्रोरेस ४२२ चा दर सुमारे १२२ मेगाबिट आहे. तासाला ५५ जीबी, आपल्या नाटकाला १६५ जीबी. त्याच्या वरची एचक्यू पायरी घेतली तर १८४ मेगाबिट आणि तीन तासांचे जवळजवळ २५० जीबी. विंडोजवर काम करणारे बरेच जण ॲव्हिडचा डीएनएक्सएचआर वापरतात, तोही याच जातकुळीचा.

एवढी जागा प्रत्येकाला परवडत नाही, आणि दरवेळी गरजही नसते. कॅमेऱ्यानंच मुळात ५० मेगाबिट एच.२६४ मध्ये टिपलं असेल, तर प्रोरेसनं दर्जा वाढत नाही. आणखी उतरण्याचं थांबतं, एवढंच. लग्नाच्या व्हिडिओसाठी मी मास्टरही एच.२६४ मध्येच देते, ५० मेगाबिटांवर. तीन तासांना साधारण ६८ जीबी होतात. एका हार्डडिस्कमध्ये अशी बरीच लग्नं मावतात. ज्या प्रयोगातला कलाकार पुन्हा उभा राहणार नाही, त्या प्रयोगाला मात्र मी प्रोरेसच लावते.

कोणासाठी कोणती प्रत

मास्टर सुरक्षित झाला की पुढचं काम सोपं होतं, कारण आता प्रत्येक प्रेक्षकाची गरज वेगळी बघता येते.

ज्येष्ठ ऑर्गनवादक काकांना नाटक घरच्या टीव्हीवर, पेनड्राइव्ह लावून बघायचं असतं. पुष्कळ पेनड्राइव्ह एफएटी-३२ या जुन्या पद्धतीनं तयार केलेले असतात आणि त्यात एक फाइल जास्तीत जास्त चार जीबीची बसते. अगदी काटेकोर सांगायचं तर ४.२९ अब्ज बाइट. अख्खं नाटक एका फाइलमध्ये कोंबायचं तर बिटरेट तीन मेगाबिटांच्या आसपास आणावा लागेल. पेनड्राइव्ह एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट केला तर मर्यादा जाते, पण तो अनेक जुन्या टीव्हींना वाचता येत नाही. यावर सगळ्यात सोपा उपाय नाटककारानंच करून ठेवला आहे : अंक. एक तासाचा अंक ८ मेगाबिट चित्र आणि ३२० किलोबिट आवाज यांवर ३.७४ जीबीचा होतो. म्हणजे अडुसष्ट मिनिटांपर्यंतचा अंक विनातक्रार बसतो. तीन अंक, तीन फाइली, मध्ये चहाला उठायला जागा. कोडेक साधा एच.२६४, ८ बिट. इथं आधुनिकपणा दाखवायला जाऊ नये, कारण टीव्ही किती जुना आहे हे आपल्या हातात नसतं.

यूट्यूबची गोष्ट उलटी. आपण काहीही चढवलं तरी यूट्यूब ते स्वतःच्या पद्धतीनं पुन्हा एन्कोड करतं. म्हणजे आपली फाइल हा तिथं कच्चा माल असतो, आणि कच्चा माल सुचवलेल्या ८ मेगाबिटांपेक्षा सरस दिला तर निकाल बरा येतो, विशेषतः अंधाऱ्या प्रवेशांत. मर्यादा २५६ जीबी किंवा १२ तास, यांपैकी जे कमी असेल ते. नाटकाला तिची चिंता नाही. चिंता अपलोडची. इथंही एक सोपा हिशेब आहे : फाइलचा बिटरेट आणि तुमच्या इंटरनेटचा अपलोड वेग सारखा असेल तर व्हिडिओ चढायला व्हिडिओइतकाच वेळ लागतो. २० मेगाबिटांच्या लाइनवर २० मेगाबिटांचं नाटक तीन तासांत चढेल. तिथंच प्रोरेसचा मास्टर चढवायला अठरा तासांवर लागतील. मी १६ ते २० मेगाबिटांवर एच.२६४ करते आणि रात्री लावून झोपते.

परगावचे आणि परदेशातले नातेवाईक हा तिसरा प्रेक्षक. न्यू जर्सीतल्या भाचीला व्हॉट्सॲपवर नाटक पाठवता येईल का, असं मला नेहमी विचारतात. व्हॉट्सॲपची व्हिडिओसाठीची जुनी मर्यादा १६ एमबीची होती. तीन तासांना १६ एमबी म्हणजे सेकंदाला १२ किलोबिट. साध्या मोबाइल कॉलवरच्या आवाजालाही याहून थोडं जास्त लागतं. आता डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत पाठवता येतं, म्हणजे दीड मेगाबिटाच्या आत. फोनच्या पडद्यावर बघण्यापुरतं ते चालेल. पण त्यापेक्षा यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवून दुवा पाठवावा. भाचीच्या घरच्या मोठ्या टीव्हीवर ते नीट दिसेल, आणि कुणाच्या फोनमधली जागाही भरणार नाही.

नव्या कोडेकांचं काय? एच.२६५ २०१३ साली आला. तेवढ्याच दर्जाला जवळपास निम्मा बिटरेट, असं त्याचं उद्दिष्ट होतं, आणि ४के व्हिडिओला त्याचा उपयोग खरंच मोठा आहे. एव्ही-१ हा गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन वगैरे कंपन्यांनी एकत्र येऊन काढलेला मुक्त कोडेक २०१८ चा. दोघांनाही एन्कोड करायला वेळ जास्त लागतो, आणि तीन तासांच्या नाटकाला हा वेळ तीन तासांनी गुणून येतो. बघणाऱ्याचं उपकरण नवं आहे अशी खात्री असेल तर एच.२६५ खुशाल द्यावा. खात्री नसेल तर एच.२६४.

आवाजावर काटकसर नको

मिरज तानपुऱ्यांचं गाव. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावात चित्र थोडं मऊ चालतं, जवारीचा आवाज मेलेला चालत नाही. एक्सपोर्टच्या खिडकीत चित्राच्या आकड्यांवर लोक अर्धा तास घालवतात आणि आवाजाचा रकाना १२८ किलोबिटवर तसाच सोडतात. तिथं ३२० केले तर तासाला सगळे मिळून १४४ एमबी लागतात. ८ मेगाबिटांच्या चित्रासमोर हे चार टक्के. एवढ्यासाठी टाळ, झांजा आणि टाळ्यांचा कडकडाट यांना पाण्याखालून आल्यासारखा आवाज का द्यायचा? कमी बिटरेटचा पहिला फटका याच आवाजांना बसतो. मास्टरमध्ये तर आवाज दाबूच नये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ असा न दाबलेला आवाज तासाला एक जीबीच्या थोडा वर जातो, आणि १६५ जीबीच्या फाइलीत तीन जीबी कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचं दुसरं दुखणं म्हणजे सिंक. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळलेले, तिसऱ्या अंकात मात्र तबलजीची थाप आधी दिसते आणि मग ऐकू येते. याची दोन नेहमीची कारणं आहेत. एक, मोबाइलवरचं चित्रीकरण. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमची संख्या कमी-जास्त करतो. सरासरी ३० म्हणत असला तरी प्रत्येक सेकंदाला ३० असतीलच असं नाही. असं फुटेज आधी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्यावं आणि मगच टाइमलाइनवर टाकावं. दोन, फ्रेमरेटची सरमिसळ. २९.९७ आणि ३० हे आकडे कागदावर सारखे वाटतात, पण एकाच्या जागी दुसरा धरला गेला तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, नाटकाच्या शेवटी जवळजवळ अकरा सेकंदांचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे सभागृहातल्या दिव्यांशी २५ किंवा ५० फ्रेम जुळतात आणि लकाकी टळते. म्हणून २५ ला चित्रित करावं आणि ज्याला चित्रित केलं त्यालाच एक्सपोर्ट करावं. प्रीसेट ३० चा असला तर तो बदलावा.

जुन्या टेपा, जुन्या सीडी

अलीकडे घरोघरच्या कपाटांतून मिनी-डीव्हीच्या टेपा बाहेर येऊ लागल्या आहेत. त्यांच्यावरचा डिजिटल मजकूर फायरवायरच्या तारेनं जसाच्या तसा उतरवता येतो आणि तासाला साधारण १३ जीबी भरतो. ती फाइल हाच मास्टर. दुकानदारानं "एमपी-४ करून देतो, एक जीबीत बसवतो" म्हटलं तरी मूळ डीव्ही फाइलही मागून घ्यावी. या टेपांवर प्रत्येक फ्रेम अर्ध्या-अर्ध्या ओळींच्या दोन भागांत नोंदलेली असते, त्यामुळे संगणकावर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. बघायच्या प्रतीसाठी ते डीइंटरलेस करावं, म्हणजे त्या भागांच्या अखंड फ्रेम करून घ्याव्यात, आणि सेकंदाला ५० फ्रेम ठेवून केलं तर हालचाल मुळाइतकी सुरेख राहते. मास्टरला मात्र हात लावू नये. उद्याचं सॉफ्टवेअर हे काम आजच्यापेक्षा चांगलं करील.

व्हीसीडीवर आलेल्या नाटकांची मर्यादा आणखी मोठी आहे. त्या काळी ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं चित्र सव्वा मेगाबिटाच्याही आत बसवत. त्याला ४के करून मागण्यात अर्थ नाही. तबकडी जोवर वाचता येते तोवर तिच्यावरची फाइल आहे तशी उतरवून ठेवणं, एवढंच हातात आहे आणि तेच महत्त्वाचं आहे.

एक्सपोर्टचं बटण दाबण्याआधी आणि नंतर

पूर्ण नाटक लावून देण्याआधी मी दोन मिनिटांचा तुकडा काढते, आणि तो मुद्दाम सगळ्यात अवघड जागेचा : दिवे मंद होतानाचा, किंवा फुलं पडतानाचा. तिथं चित्र टिकलं तर बाकी ठिकाणी टिकणारच. तो तुकडा संकलनाच्या मॉनिटरवर बघून भागत नाही, ज्या टीव्हीवर लागणार त्या जातीच्या टीव्हीवर बघावा लागतो. ग्राफिक्स कार्डाच्या मदतीनं होणारं एन्कोडिंग कितीतरी पटीनं लवकर होतं, पण तेवढ्याच बिटरेटला दर्जा सहसा थोडा कमी पडतो. घाई असेल तर ते वापरावं आणि बिटरेट थोडा वाढवून द्यावा. संगणकाची झोपेची सेटिंग बंद करावी आणि डिस्कवर फाइलच्या दुप्पट जागा मोकळी ठेवावी.

फाइल तयार झाल्यावर सगळी लांबी सेकंदापर्यंत टाइमलाइनशी जुळते का बघावं. मग सुरुवात, प्रत्येक मध्यंतराच्या अलीकडे-पलीकडे आणि शेवटचं भरतवाक्य, एवढं तरी कानाला हेडफोन लावून तपासावं. सिंक बिघडला असेल तर तो शेवटीच सर्वांत ठळक कळतो.

एखाद्याला नाटकातलं एकच पद हवं असेल तर त्यासाठी पुन्हा एक्सपोर्ट करायची गरज नसते. लॉसलेसकटसारख्या फुकट सॉफ्टवेअरनं फाइलचा तुकडा न दाबता तोडता येतो. कात्री मात्र की-फ्रेमवरच चालते, म्हणून सुरुवात एक-दोन सेकंद अलीकडची येते. ऑर्गनचे दोन सूर जास्त ऐकू आले म्हणून कुणाचं बिघडत नाही.

काम देताना काय मागावं

तुम्ही संकलक नसाल तर यातले आकडे पाठ करायची गरज नाही. पण लग्न असो, मुलीचं अरंगेत्रम असो की संस्थेचा शतक महोत्सवी प्रयोग, कधीतरी तुम्ही हे काम कुणाला तरी देणारच. तेव्हा कोटेशनमध्ये दोन ओळी लिहून घ्याव्यात. पहिली : व्हिडिओ कुठे कुठे बघितला जाणार आहे त्याची यादी आणि प्रत्येकासाठी वेगळी फाइल. दुसरी : पूर्ण दर्जाचा मास्टर, आवाज न दाबता, तुमच्या स्वतःच्या हार्डडिस्कवर. आमच्या धंद्यातले बरेच जण मास्टर काही महिने ठेवतात आणि मग नव्या कामाला जागा हवी म्हणून पुसतात. त्यांना दोष देता येत नाही. सांभाळण्याचे पैसे त्यांना कुणी दिलेले नसतात आणि सांभाळा असं कुणी सांगितलेलंही नसतं.

तो मास्टर दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्याच घरात ठेवा. डिस्कवर कार्यक्रमाचं नाव, तारीख, कोडेक, फ्रेमरेट आणि लांबी लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. वर्षातून एकदा ती जोडून फाइल उघडते का बघा. संस्थांनी हे काम सेक्रेटरीच्या लॅपटॉपवर सोडू नये, कारण सेक्रेटरी बदलतात आणि लॅपटॉपही बदलतात. वार्षिक अंदाजपत्रकात नेपथ्याच्या खर्चाखाली हार्डडिस्कची एक ओळ वाढवली तरी पुरे. नेपथ्याचा पडदा दहा-पंधरा प्रयोगांत फाटतो. नीट ठेवलेल्या मास्टरमधून पुढच्या पिढीच्या टीव्हीला लागेल ती प्रत काढता येते, तो टीव्ही कसला असेल हे आज माहीत नसलं तरी.